हक्कसोड आणि आपलं घर

(विहाराच्या वर्धापनदिनी येरमाळा येथे केलेले भाषण)



मी गिरणी कामगार. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत वाचून शिकलो. चूकभूल सांभाळून घ्यावी.

18 डिसेंबर 1979 रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने स्त्रियांवरील सर्व प्रकारचा भेदभाव नष्ट करण्याचा करार मंजूर केला. भारताने 1980 साली त्यावर सही केली व 9 जुलै 1993 रोजी तो मान्य केला. तुम्ही म्हणाल, न्यूयॉर्कच्या कागदाचा येरमाळ्याच्या बाईला काय उपयोग? उपयोग आहे. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवीने बालविवाह रोखण्याचं काम केलं. 1992 साली तिने सामूहिक अत्याचाराची फिर्याद दिली. त्यातून विशाखा खटला उभा राहिला. तेव्हा कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध वेगळा कायदाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 13 ऑगस्ट 1997 रोजी याच कराराचा आधार घेऊन नियम घालून दिले. पुढे 2013 ला कायदा झाला. दहा कामगार असतील तिथं तक्रार समिती पाहिजे. मोलकरणीलासुद्धा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

याच कराराच्या 16 व्या कलमात नवराबायकोला मालमत्तेत सारखे अधिकार सांगितले आहेत. पण मान्यता देताना आपल्या सरकारने एक मेख मारून ठेवली. या कलमाच्या बाबतीत, कोणत्याही समाजाच्या खाजगी गोष्टीत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय व संमतीशिवाय हात घालणार नाही, असं कळवलं. आता समाज म्हणजे कोण? तुम्ही आम्हीच की! मग पुढाकार कुणी घ्यायचा?

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मुलीला वारसाहक्क मांडला. बिल अडवलं गेलं, तेव्हा सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी मंत्रीपदाचा राजीनामा दिला. 1956 चा वारसा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्रात 1994 ला आणि देशभर 2005 ला मिळाला.

आणि आपण काय करतो? मी माझंच सांगतो. वडील वारले. तीन एकर जिरायत. बहिणीला कळंबला नेलं, हक्कसोडपत्रावर सही घेतली, साडीचोळी केली, चहा पाजला. तुझी इच्छा आहे का, हे विचारलंच नाही. पुढे दाजी गेले. अक्का कोयता घेऊन ऊसतोडीला जायला लागली. मी मात्र सभांमधून बाबासाहेबांचा राजीनामा सांगत होतो! एकदा नात मला म्हणाली, "आजोबा, अक्काआजीचं शेत कुठाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी बक्षीसपत्र करून निम्म्या हिश्शाला तिचं नाव सात-बाऱ्यावर लावलं. यात माझा मोठेपणा नाही. तिचंच तिला दिलं, तेही उशिरा.

म्हणून हात जोडून सांगणं आहे. भावांनो, बहिणीला सहीला नेऊ नका. बहिणींनो, कागद वाचल्याशिवाय, घरी विचार केल्याशिवाय सही करू नका. भाऊ तुटेल ही भीती मला कळते. पण सही दिल्यावरच टिकणारं नातं ते कसलं नातं? लग्नाची नोंद करा. घराच्या उताऱ्यावर बायकोचं नाव लावा. करारातला तो पुढाकार या विहारातून सुरू होऊ द्या.

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जयभीम! नमो बुद्धाय!