माझे आजोबा व त्यांचें घर



ज्यांच्याविषयीं मी आज चार शब्द सांगणार आहें, त्यांनीं स्वतः दिवसाकांठीं चार शब्दांहून अधिक क्वचितच उच्चारले असतील. माझे आजोबा कोयनेच्या खोऱ्यांतले शेतकरी. महाबळेश्वराच्या डोंगरांत उगम पावून कोयना दक्षिणेस वाहते, हेळवाकाजवळ एकदम पूर्वेस वळते आणि कऱ्हाडास कृष्णेला मिळते. त्या वळणाच्या वरच्या अंगास, नदीकांठीं आमचें मूळ गांव होतें. शहरांत बटण दाबतांच जो दिवा लागतो, त्यांतला कांहीं प्रकाश त्या गांवावरून वाहून आलेला आहे.

कोयनेची वीज १९६२ सालीं सुरू झाली. त्यापूर्वींच धरणावरचीं गांवें रिकामीं करावीं लागलीं. आमचे भाऊबंद दूर देशावर गेले. आजोबांनीं कोणाशीं वाद घातला नाहीं, कीं कोणाकडून अर्ज लिहवून घेतला नाहीं. एके दिवशीं सकाळीं ते छपरावर चढले आणि शाकारणीचें गवत उतरवूं लागले.

पुढची हकीकत माझ्या वडिलांनीं सांगितलेली. ऐनाचे खांब, तुळया, वासे हें सर्व सुटें करून डोंगरावर न्यावयाचें होतें. कोणतें लांकूड कोठलें हें कळावें म्हणून वडिलांनीं खडूनें आंकडे घालण्याचें सुचविलें. आजोबांनीं मान हलविली व पटाशी घेतली. ज्या खांबावर दोन घाव, त्याच्या तुळईवरही दोन, तिसऱ्यावर तीन. आजोबांना अक्षरओळख नव्हती, पण पावसांत न पुसणारी ही लिपी त्यांची होती. लोखंडी खिळा घरांत एकही नव्हता. सांधे कुसवांत बसविलेले आणि लांकडी मेखांनीं आवळलेले. खांद्यावरून सारें वर गेलें आणि मृगापूर्वीं घर पुन्हां उभें राहिलें. भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणमातीनें लिंपलेल्या. कोपरा काटकोनांत धरण्यासाठीं ते तीन, चार व पांच हातांवर गांठी मारलेली दोरी ताणीत. वर्गांत पायथागोरस शिकवितांना मला ती दोरी नेहमीं आठवे.

रानांत ते अनवाणी फिरत. हिरडा केव्हां पाडावा, मोहोळ केव्हां काढावें, गवे कोणत्या वाटेनें पाण्यावर उतरतात, हें सारें त्यांना ठाऊक. कारवी सात वर्षांनीं एकदा फुलते. कोणीं वय विचारल्यास किती बहर पाहिले तेवढीं बोटें ते वर करीत, आणि हिशेब ज्याचा त्यानें करावा!

११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे भूकंप झाला. मी आठ वर्षांचा होतों. घर होडीसारखें डोललें, लिंपण ढासळलें, परंतु एकही सांधा सुटला नाहीं. दगडमातीचीं घरें मात्र ठिकठिकाणीं कोसळलीं. सुमारें पावणेदोनशें माणसें दगावलीं. आजोबांनीं कंदील उंच धरून प्रत्येक सांध्यावरून हात फिरविला आणि पहार व कुऱ्हाड घेऊन ते खालच्या वाड्यांकडे निघून गेले. तिसऱ्या दिवशीं परतले. काय पाहिलें, तें त्यांनीं कधींच सांगितलें नाहीं.

त्यांच्या या मुकेपणाला नातेवाईक निर्विकारपणा म्हणत. मला तें पटत नाहीं. वैशाखांत जलाशय ओसरला कीं आमच्या जुन्या शेतांचे बांध उघडे पडत. आजोबा मला घेऊन तेथें जात आणि चिखलांत निखळलेले दगड उचलून पुन्हां बांधांत बसवीत. चिपा ठोकून नीट घट्ट करीत. दोन महिन्यांत तें सारें पुन्हां पाण्याखालीं जाणार असे. "आजोबा, हें कशाला?" असें मीं एकदा विचारलें.

"दगड पडला होता," ते म्हणाले.

१९८४ च्या श्रावणांत ते गेले. आदल्या आठवड्यांत त्यांनीं शेजाऱ्याच्या नांगराला नवें रुमणें बसवून दिलें होतें. त्यांचीं हत्यारें माझ्याकडे आहेत. वाकसाचा दांडा त्यांच्या मुठीप्रमाणें झिजलेला आहे. तो माझ्या हातांत नीट बसत नाहीं.