बैलाची झुंज, माणसाची करमणूक
(मंडळाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फलकावरचा विषय वाचून काही जणांनी आल्याआल्याच आम्हांला विचारले की, आपल्या वस्त्यांचे, शिक्षणाचे, नोकऱ्यांचे प्रश्न उभे असताना स्पेनमधल्या बैलांची काळजी कोणी सांगितली? प्रश्न रास्त आहे. हा विषय वर्गातल्या विद्यार्थ्यांनी दिला. स्पेनमधल्या बैलझुंजीला खेळ म्हणावे काय, आणि धम्माच्या दृष्टीने तिच्याकडे कसे पाहावे, एवढेच त्यांना हवे होते. उत्तर शोधू लागलो तेव्हा वाट आपल्याच गावाकडे वळली, म्हणून आम्ही हा विषय टाळला नाही.

दीघ निकायातील ब्रह्मजाल सुत्तात त्या काळच्या करमणुकींची एक लांबलचक यादी आहे. तीत हत्ती, घोडे, रेडे, बैल, बोकड, मेंढे, कोंबडे आणि लावे यांच्या झुंजी ओळीने मोजल्या आहेत. श्रमण गौतम असल्या तमाशांपासून दूर राहतो, असे लोक त्यांच्याविषयी बोलतात, अशा संदर्भात ती येते. म्हणजे बैलांच्या झुंजीला त्याही काळी गर्दी जमत होती. पुढे सम्राट अशोकाने आपल्या पहिल्या शिलालेखात 'समाज' नावाचे मेळे भरवू नयेत असे सांगितले, कारण त्यांत त्याला पुष्कळ दोष दिसत होते. त्याच लेखात तो राजवाड्याच्या मुदपाकखान्याचाही हिशेब देतो. पूर्वी तेथे रोज लाखो प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही रोज नाही. पुढे तेही थांबेल. आम्हांला हा लेख फार मोलाचा वाटतो, कारण राजा आपल्या घरातले अपुरे राहिलेले काम झाकून ठेवत नाही.

आता स्पेनकडे वळू. तिथल्या रीतसर बैलझुंजीला 'कोरीदा' म्हणतात. एका दुपारी साधारणपणे तीन मातादोर आणि सहा बैल असतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन. बैल चार वर्षांवरचा हवा, आणि पहिल्या दर्जाच्या रिंगणात त्याचे वजन ४६० किलोपेक्षा कमी चालत नाही. झुंजीचे तीन भाग. पहिल्यात घोड्यावरचा पिकादोर लांब भाल्याने बैलाच्या मानेमागच्या मांसल उंचवट्यावर वार करतो. मानेचे स्नायू दुबळे होऊन डोके खाली यावे, हा त्यामागचा हेतू. दुसऱ्या भागात रंगीत कागदांनी सजवलेल्या, टोकाला लोखंडी आकडा असलेल्या काठ्या जोडीजोडीने त्याच्या पाठीत रोवतात. तिसऱ्या भागात मातादोर लाल कापड घेऊन एकटा पुढे येतो, बैलाला अंगाजवळून फिरवतो आणि अखेर दोन खांद्यांच्या मधून तलवार खुपसतो. घाव नीट बसला नाही तर दुसऱ्या हत्याराने मानेजवळचा मज्जारज्जू तोडतात. हे सारे पंधरा-वीस मिनिटांत आटोपते. कामगिरी लोकांना आवडली तर मातादोराला बैलाचा एक कान, दोन कान, फारच रंगली तर शेपूटही बक्षीस मिळते. मग खेचरांकडून मेलेले धूड ओढून नेतात आणि पुढच्या बैलासाठी वाळू सारखी करतात.

लाल कापडाविषयी आपल्याकडे फार गैरसमज आहे. बैलाला तांबडा रंग आपल्यासारखा दिसतच नाही. तो कापडाच्या हालचालीवर धावतो. लाल रंग प्रेक्षकांसाठी असतो. घोड्यांचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. पूर्वी पिकादोराच्या घोड्याला काहीच संरक्षण नसे आणि शिंगांनी पोट फाटून घोडे रिंगणातच मरत. ते पाहवेना, म्हणून १९२८ पासून घोड्याला जाड गादीचे चिलखत बांधू लागले. घोड्याची आतडी पाहवत नव्हती, बैलाचे रक्त मात्र पाहवत होते!

याला खेळ म्हणावे काय? गंमत अशी की, खुद्द स्पेनमधले शौकीन याला खेळ म्हणत नाहीत. तिथल्या वर्तमानपत्रांत बैलझुंजीची वार्ता क्रीडा पानावर येत नाही, कलासंस्कृतीच्या पानावर येते. अमेरिकन लेखक हेमिंग्वे याने १९३२ साली या विषयावर अख्खे पुस्तक लिहिले. तो या प्रकाराचा मोठा भक्त. पण त्यानेही याला खेळ न म्हणता शोकनाट्य म्हटले. तेव्हा खेळ हा शब्द बहुधा आपण बाहेरच्यांनीच त्याला चिकटवला आहे.

तरीही कसोटी लावून पाहू. कबड्डीच्या मैदानात दोन्ही संघ आपण होऊन उतरतात, दोघांना नियम ठाऊक असतात आणि कोण जिंकणार हे आधी ठरलेले नसते. बैलाला यांतले काय लाभते? तो आपण होऊन येत नाही. निकाल ठरलेला असतो. एखादा बैल अतिशय शूर निघाला तर त्याला जीवदान देऊन पैदाशीसाठी परत कुरणात सोडतात, पण तसे क्वचित घडते. आणि समजा बैलाने मातादोराला लोळवले, जखमी केले, तरी तो जिंकत नाही; राहिलेल्या मातादोरांपैकी दुसरा येऊन त्याला मारतो.

याहून एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटली. रिंगणात येणाऱ्या बैलाने त्यापूर्वी पायी उभा असलेला, हातात कापड घेतलेला माणूस कधी पाहिलेला चालत नाही. पैदास करणारे त्याची कसोशीने काळजी घेतात. कारण बैल शिकतो. थोड्याच वेळात त्याला कळू लागते की त्रास देणारी वस्तू कापड नसून कापडामागचा माणूस आहे. ते पुरते कळायच्या आत त्याला संपवावे लागते, म्हणून ती पंधरा-वीस मिनिटे. ज्या सामन्यात एका बाजूने वर्षानुवर्षे सराव करायचा आणि दुसऱ्या बाजूला सरावाची बंदी, त्याला खेळ कसे म्हणणार? ज्ञानाची दारे एका पक्षाला बंद ठेवून त्याला पराभूत ठरवायचे, ही रीत आपल्या लोकांना समजावून सांगायला नको.

समर्थकांचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे, कारण ते सगळे क्रूर किंवा अडाणी लोक नाहीत. चित्रकार गोया याने बैलझुंजीची चित्रमालिका १८१६ साली प्रसिद्ध केली. कवी लोर्का याने १९३४ साली रिंगणात जखमी होऊन मेलेल्या आपल्या मातादोर मित्रावर विलापिका लिहिली. माणसाचा जीवही तिथे धोक्यात असतोच. १९४७ साली मानोलेते हा नामांकित मातादोर शिंग लागून मेला. २०१६ साली तेरुएल येथे व्हिक्तोर बारिओ मेला, आणि त्याचे मरण हजारोंनी दूरचित्रवाणीवर पाहिले. माद्रिदच्या मोठ्या रिंगणाबाहेर पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगचे स्मारक मातादोरांनी कृतज्ञतेने उभारले आहे. तेव्हा धैर्य नाकारता येत नाही. पण धैर्य दाखवायला दुसऱ्याचे मरण लागते काय, हा प्रश्न उरतो.

त्यांचा सर्वांत जोरकस मुद्दा वेगळा आहे. ते म्हणतात, हा बैल चार-पाच वर्षे मोकळ्या रानात राजासारखा चरतो आणि त्याची शेवटची वीस मिनिटे वाईट जातात. तुम्ही ज्याचे मांस खाता ते जनावर जन्मभर कोंडलेले असते. मग दोष कोणाला? आमच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्यानेही हेच विचारले : सर, आपण मटण खातो, मग कोणत्या तोंडाने बोलायचे?

येथे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात केलेली मांडणी उपयोगी पडते. अहिंसा हा बुद्धाने घालून दिलेला आंधळा नियम नव्हे, ते तत्त्व आहे, असे ते म्हणतात. आणि मारण्याची गरज व मारण्याची इच्छा यांत ते फरक करतात. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करायला लावते. या कसोटीवर कोरीदा क्षणभरही टिकत नाही. तिथे बैलाचे मांस मागाहून विकले जाते खरे, पण लोक तिकीट मांसासाठी काढत नाहीत. मरण नीट, सावकाश आणि देखणे व्हावे यासाठी काढतात. ही गरज नव्हे. मात्र या उत्तराने आपल्या ताटातला प्रश्न सुटतो असे आम्ही म्हणणार नाही. गरज हा शब्द सैल आहे आणि जिभेला तो लगेच ताणता येतो. दीक्षेच्या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी तेरावी सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे. ती ताटापुढे बसलेल्यालाही लागू आहे, आणि तिचे काय करायचे हे प्रत्येकाला स्वतः पाहावे लागेल.

प्राण्यांवरच्या दयेचे नाव काढले की आपल्या माणसांच्या मनात शंका येते, आणि ती शंका अस्थानी नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातमधील ऊना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारहाण झाली, तीही गोरक्षणाच्या नावाने. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाची मेलेली ढोरे ओढली, त्यांनाच जनावरांच्या प्रेमाचे धडे देणारे लोक आपण पाहिले आहेत. त्या दयेत जनावर फक्त निमित्त असते. बुद्धाची करुणा तशी नव्हे. कूटदंत ब्राह्मणाने यज्ञासाठी शेकडो बैल खुंटाला बांधले होते. बुद्धाशी बोलल्यावर त्याने ते सोडून दिले. त्यासाठी दुसऱ्या कोणाच्या पाठीवर काठी पडली नाही. आपल्याला बैलाची बाजू घ्यायची ती या वाटेने, दुसऱ्याचा झेंडा हाती घेऊन नव्हे.

जगात हा प्रश्न कुठे पोचला ते थोडक्यात सांगतो. १५६७ साली पोप पाचवा पायस याने बैलझुंजीवर बहिष्काराच्या शिक्षेसह बंदी घातली होती. स्पेनने ती फारशी मानली नाही आणि पुढच्या पोपने ती सैल केली. कॅनरी बेटांनी १९९१ साली बंदी केली. कातालोनियात १,८०,००० लोकांच्या सह्यांनंतर तिथल्या संसदेने २०१० साली ६८ विरुद्ध ५५ मतांनी बंदी संमत केली. पण शिंगांवर पेटते गोळे बांधून बैल पळवण्याच्या स्थानिक प्रथेला त्याच संसदेने त्याच वर्षी संरक्षण दिले! माद्रिदची प्रथा वाईट, आपली चांगली. २०१६ साली स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने ती बंदी रद्द केली. कोलंबियाने २०२४ साली तीन वर्षांची मुदत देऊन बंदीचा कायदा केला. मेक्सिको शहराने २०२५ साली बैलाला जखमी करण्यास व मारण्यास मनाई केली.

आपली चांगली, दुसऱ्याची वाईट, हे आपल्याकडेही आहे. गोव्यात दोन बैलांची टक्कर लावतात, तिला 'धिरयो' म्हणतात. उच्च न्यायालयाने १९९६ साली ती बंद केली, तरी चोरून भरतेच. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यात बैलगाडा, विदर्भात शंकरपट. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये तामिळनाडूच्या जल्लीकट्टूबरोबर या शर्यतीही थांबवल्या. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने त्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

शर्यत आणि कोरीदा एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. येथे बैल मारायचा नसतो. शर्यतीच्या बैलाला घरचा माणूस मुलासारखा खुराक देतो, त्याच्या आजारपणात रात्र जागवतो, हे आम्ही पाहिले आहे. बंदीमुळे बैल कसायाकडे गेले, हा त्यांचा मुद्दाही ऐकण्यासारखा आहे. पण शेपूट पिरगळणे, चावणे, खिळ्याची पराणी टोचणे, बॅटरीचा शॉक देणे, हेही याच शर्यतींत घडत आले आहे. न्यायालयापुढे ते आले म्हणूनच २०१४ चा निकाल झाला.

जातकांत नंदिविशाल नावाच्या बैलाची कथा आहे. त्याच्या धन्याने हजाराची पैज लावली की माझा बैल शंभर गाड्या ओढील. गाड्या जुंपल्यावर धन्याने त्याला शिवी दिली आणि बैल खांबासारखा उभा राहिला. पैज हरली. दुसऱ्यांदा दोन हजारांची पैज लागली. या वेळी धनी गोड बोलला आणि बैलाने शंभरही गाड्या ओढल्या. कथेत पैज आहे, ईर्षा आहे, बक्षीसही आहे. शर्यतवाल्यांना परकी वाटावी अशी ही कथा नाही.

येत्या हंगामात आपल्या वर्गातले काही विद्यार्थी शर्यत पाहायला जाणार आहेत. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, कोणाची गाडी पहिली आली हे लिहून आणू नका, ते वर्तमानपत्रात येईल. सुटण्याच्या रेषेवर, झेंडा पडण्याआधी, बैलाच्या शेपटीपाशी कोण उभा असतो, त्याच्या हातात काय असते आणि परवानगीच्या अटी तपासायला आलेला अधिकारी त्या वेळी कुठे बसलेला असतो, ते लिहून आणा. पुढच्या बैठकीत आपण ते वाचू.

जयभीम. नमो बुद्धाय.