ध्वनीने घेतलेला अतिवाहकांचा ठाव

मडके विकत घेताना गृहिणी त्यावर टिचकी मारून आवाज ऐकते. घन पदार्थांचे अभ्यासकही तेच करतात. मात्र त्यांची टिचकी सेकंदाला सुमारे एक कोटी कंपनांची, म्हणजे श्राव्यातीत असते. ध्वनीच्या वेगाचा वर्ग आणि पदार्थाची घनता यांचा गुणाकार केला की संबंधित स्थितिस्थापकता गुणांक मिळतो. अनुतरंगांवरून दाबले जाण्यास होणारा विरोध कळतो, तर अवतरंगांवरून आकार तिरका होण्यास होणारा विरोध.

पाऱ्यातील अतिवाहकता १९११ मध्ये ४.२ केल्विनजवळ आढळली. तिचा सिद्धांत बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी १९५७ मध्ये मांडला. त्याच वर्षी मोर्स व बोम यांना असे दिसले, की क्रांतिक तापमानाखाली ध्वनीचे क्षीणन झपाट्याने घटते. जोड्या जुळलेले इलेक्ट्रॉन ध्वनीची ऊर्जा शोषू शकत नाहीत, हे त्याचे कारण होय. पुढे १९८६ मध्ये झुरिक येथे बेडनोर्झ व म्युलर यांनी ताम्र-ऑक्साइडांतील अतिवाहकता शोधली. दुसऱ्याच वर्षी इट्रियम-बेरियम-ताम्र-ऑक्साइडाने सुमारे ९२ केल्विन, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनपलीकडचा पल्ला गाठला. या नव्या पदार्थांत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या कशामुळे जुळतात, हा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. म्हणूनच ध्वनीची साक्ष महत्त्वाची ठरते.

ही साक्ष घेणे सोपे नव्हते. प्रारंभीचे नमुने म्हणजे भुकटी दाबून, भट्टीत भाजून केलेल्या काळ्या वड्या. पदार्थाची खरी घनता घन सेंटिमीटरला सुमारे ६.४ ग्रॅम; छिद्रांमुळे वडीची घनता त्याहून कमी भरते आणि ध्वनीही मंदावतो. मोजलेला आकडा स्फटिकाइतकाच भट्टीचाही असतो! सच्छिद्रतेची दुरुस्ती केल्याविना दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांची तुलना करणे व्यर्थ होय. शिवाय काही वड्यांत २०० केल्विनच्या आसपास वेगात विसंगती दिसे, आणि थंड करताना व तापवताना आलेख निराळे येत. ही अतिवाहकतेची पूर्वखूण असावी, असे काहींना वाटले. परंतु ऑक्सिजन अणूंची फेरमांडणी व कणांमधील ताण ही कारणे अधिक सयुक्तिक आहेत. (श्राव्यातीत तरंगांमुळे होणाऱ्या प्रकाशाच्या विवर्तनाचा रामन व नागेंद्रनाथ यांचा सिद्धांत बंगळूरचा, पण ती पद्धत पारदर्शक पदार्थांसाठी, या काळ्या वड्यांना ती लागू पडत नाही.)

उष्मागतिकीची अपेक्षा स्पष्ट आहे. क्रांतिक तापमानाला अनुतरंगांशी निगडित गुणांक एका पायरीने खाली उतरला पाहिजे. विशिष्ट उष्णतेतील उडी आणि विकृतीमुळे क्रांतिक तापमानात होणारा बदल यांवर त्या पायरीची उंची ठरते. या स्फटिकात शुद्ध अवतरंगांच्या गुणांकात पायरी नसून केवळ उतार बदलतो. पायरी असते ती दहा हजारात एखादा भाग किंवा त्याहूनही कमी. त्यातच घनाकृती स्फटिकाला तीन गुणांक पुरतात, तर या समचतुर्भुजी स्फटिकाला नऊ लागतात.

यावर अनुस्पंदन पद्धतीने मार्ग निघाला. छोटासा एकस्फटिक दोन दाबविद्युत् संवेदकांमध्ये अलगद धरून त्याच्या नैसर्गिक कंपनांच्या वारंवारता मोजतात; त्यांवरून नऊही गुणांक एकत्रित काढता येतात. या पद्धतीने २०१३ मध्ये लॉस ॲलामॉस येथील संशोधकांसह एका गटाने, ताम्र-ऑक्साइडांतील ‘छद्म-अंतराल’ ही निव्वळ हळूहळू बदलणारी स्थिती नसून खरी प्रावस्था आहे, असा दावा केला. ऑक्सिजनचे प्रमाण कमी असलेल्या स्फटिकात तिची सीमा सुमारे २४५ केल्विनला, तर अधिक असलेल्यात ६८ केल्विनला, म्हणजे अतिवाहक अवस्थेच्याही आत आढळली. दुसऱ्या गटाने २०१४ मध्ये आक्षेप घेतला: खरे प्रावस्था-संक्रमण असते, तर त्याची खूण विशिष्ट उष्णतेतही दिसावयास हवी होती, आणि तशी ती दिसत नाही.