पंगतीतलं विद्यापीठ
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

‘अमुक विद्यापीठात शिकलो’ असं आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे वर्ग येतो. फळा, हजेरी, व्याख्यानं, परीक्षा. पण खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या माणसाला विचारून पाहा. तो आधी खोलीबद्दल सांगेल, डब्याबद्दल सांगेल, खोलीतल्या जोडीदारांबद्दल सांगेल. विद्यापीठाचं नाव त्यानंतर येईल. माझंही तसंच आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोल्हापुरात बी.ए.ला होतो. वडील गावात शिंपीकाम करायचे. आमच्या घरात चुलीपाशी दखनी आणि उंबऱ्याबाहेर मराठी. कॉलेजात मी मराठी विषय घेतला, तेव्हा मुलं विचारायची, ‘उर्दू का नाही घेतलंस?’ मी म्हणायचो, ‘मला वाचता येत नाही.’ त्यांना खरं वाटायचं नाही. पुढे एकदा संतसाहित्याच्या तासाला श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचं नाव निघालं. ‘योगसंग्राम’ लिहिणारे मुसलमान संतकवी! वर्गातल्या साऱ्या माना माझ्याकडे वळल्या. त्या दिवसापासून ‘मराठी कसं काय घेतलंस?’ हा प्रश्न बंद झाला. अभ्यासक्रमातलं एक नाव काय करू शकतं, ते मी तेव्हा पाहिलं.

खोली मिळवताना मात्र शेख महंमद उपयोगी पडले नाहीत. घरमालक आधी गाव विचारायचे, मग कॉलेज, मग आडनाव. आडनाव सांगितलं, की खोली कालच गेलेली असायची. शेवटी एका वसतिगृहात जागा मिळाली. खोलीत आम्ही तिघं. एक जत तालुक्यातल्या धनगराचा मुलगा, एक गडहिंग्लजकडचा लिंगायत आणि मी. पत्र्याच्या तीन पेट्या, तीन वळकट्या आणि एक वातीचा स्टोव्ह.

घरचा डबा एसटीनं यायचा. आई पहाटे भाकरी थापायची, वडील डबा फडक्यात बांधून कंडक्टरकडे द्यायचे. जतहून रोज डबा येणं शक्य नव्हतं, पण दोन डब्यांत तिघांचं भागायचं. वर्तमानपत्राचा कागद पसरून पंगत बसायची. ईदला माझ्या डब्यात मटण असलं, की गडहिंग्लजकर आपलं ताट घेऊन व्हरांड्यात बसायचा. त्यात राग नव्हता, आणि आम्हालाही त्यात काही लागत नव्हतं. जेवण आटोपलं, की आत येऊन शिरखुर्म्याच्या वाटीवर पहिला हात त्याचाच. रमजानात सहेरीसाठी गजर लावायचा तो जतचा जोडीदार. म्हणायचा, ‘तुझ्या निमित्तानं माझा पहाटेचा अभ्यास होतो.’

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली. त्या रात्री आमच्या खोलीत फारसं कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी स्टँडवर जाऊन डबे आणायची पाळी माझी होती. मी उठायच्या आत गडहिंग्लजकरानं चपला घातल्या आणि तो बाहेर पडला. माझा डबाही त्यानंच आणला. पुढचे आठ दिवस तोच जात राहिला. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिन्ही वर्षांच्या व्याख्यानांतलं आज थोडंच आठवतं, हे मात्र विसरलेलो नाही.

कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सर्व जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह काढून पाहिलं होतं. पण त्यात हळूहळू एकाच समाजाची मुलं उरली. मग महाराजांनी वाट बदलली. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग निघालं, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. एकेका समाजाची अशी अनेक वसतिगृहं उभी राहिली. ज्याचं शहरात कुणी नाही, त्याला आधी छप्पर हवं, हा त्यामागचा हिशेब होता.

मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला एक शाळकरी मुलगा गेला होता. परतल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करायला त्यानं नकार दिला आणि त्याला आपलं बोर्डिंग सोडावं लागलं. ते भाऊराव पाटील. त्यांनीच १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका छताखाली आणलं, एका पंगतीला बसवलं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. शाहूंनी दिलेलं छप्पर आणि भाऊरावांनी मांडलेली पंगत, या दोन्हींमुळे माझ्यासारख्यांचं शिक्षण झालं.

आज कॉलेजं वाढली. आमच्या वर्गात पुढच्या बाकांवर मोजक्या मुली असायच्या आणि संध्याकाळची एसटी गाठायला तास सोडून पळायच्या. आता मुली मोठ्या संख्येनं शिकतात, याचा आनंद आहे. पण बरीच मुलं सकाळी येतात, हजेरी लावून दुपारी परततात. शहरात राहणारी आपल्याच गावची, आपल्याच आडनावांची चार डोकी गोळा करून फ्लॅट घेतात. पदवी त्यांनाही मिळते. पण आपल्याहून वेगळ्या माणसाच्या शेजारी झोपायचं, त्याचा उपास आणि त्याचा सण सांभाळायचा, त्याच्याशी भांडून पुन्हा त्याच कागदावर जेवायला बसायचं, याचा पेपर कुठल्याच परीक्षेत नसतो. तो अभ्यास खोलीतच होतो.

म्हणून दोन विनंत्या करतो. आईवडील हो, मुलाला वसतिगृहात सोडायला जाल, तेव्हा ‘खोलीत आपल्यातलं कोण आहे?’ असं विचारू नका. डब्यात दोन भाकरी जास्त द्या. आणि घरमालक हो, जून महिन्यात एखादा मुलगा दारात उभा राहिला, तर आडनावाच्या आधी त्याचा विषय विचारा. खोली रिकामी असेल, तर ती रिकामी आहे म्हणून सांगा.