परकीय समाजमाध्यमांवर बंदी असावी काय?

(मंडळाच्या बाळकुम येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काही वडील मंडळी म्हणाली, "हा प्रश्न दिल्लीचा, बाळकुमला त्याचे काय?" संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे.

पहिला संबंध जून २०२० चा. करोनामुळे आपली मुले घरांत अडकून पडली होती आणि मोबाइल हेच त्यांचे अंगण झाले होते. १५ जून रोजी गलवान खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले. २९ जून रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ अन्वये टिकटॉकसह ५९ ॲपांवर बंदी घातली. सरकारची भीती निराधार नव्हती. चीनच्या २०१७ च्या गुप्तवार्ता कायद्याप्रमाणे तेथील संस्थांस सरकारच्या हेरखात्यास साहाय्य करणे भाग आहे. देशरक्षणार्थ बंदीचे शस्त्र सरकारच्या हाती असावे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

परंतु पुढे काय घडले? जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आले, सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स आले. बीजिंगचा मालक गेला, त्याच्या जागी कॅलिफोर्नियाचा बसला. मुलांचे जागरण थांबले नाही आणि आपली माहिती देशाबाहेरच्या कंपन्यांच्या हाती जाणेही थांबले नाही. तेव्हा केवळ 'परकीय' या शब्दावर विसंबून चालणार नाही.

दुसरा संबंध याहून जवळचा. नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात असताना, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर मत मांडल्यावरून दोन तरुणींना अटक झाली. एकीने लिहिले होते, दुसरीने केवळ पसंती दर्शविली होती. माध्यम परकीय होते. पण मुलींवर संकट आले ते आपल्याच कायद्यामुळे. ते कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. त्याच निकालात कलम ६९अ मात्र वैध ठरले. कारणे लेखी नोंदविण्याचे बंधन हा त्याचा एक आधार होता.

येथेच खरी गोम आहे. कारणे लिहिली जातात, पण नियमांप्रमाणे ती कारवाई गोपनीय राहते. ज्याचे तोंड बंद झाले, त्याला ते का झाले हे कळू नये, हे लोकशाहीस शोभत नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये टिकटॉकविषयी कायदा केला तो कायदेमंडळात उघड मतदान घेऊन. कंपनी न्यायालयात गेली, आणि १७ जानेवारी २०२५ रोजी कायदा उचलून धरणारा सकारण निकाल सर्वांना वाचावयास मिळाला. उलट नेपाळने सप्टेंबर २०२५ मध्ये नोंदणी न केल्याच्या कारणावरून २६ माध्यमे एकदम बंद केली. भ्रष्टाचाराने आधीच चिडलेले तरुण रस्त्यावर उतरले, अनेकांचे प्राण गेले आणि पंतप्रधानांना पायउतार व्हावे लागले.

म्हणून माझे मत असे की, बंदी हा शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे. ती घातल्यास कारणे प्रसिद्ध व्हावीत आणि दाद मागण्याचा मार्ग खुला असावा. मुलांच्या माहितीचे रक्षण करणारे नियम देशी-परदेशी सर्व कंपन्यांस सारखेच लागू असावेत. तसा व्यक्तिगत माहितीविषयीचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. त्याची चोख अंमलबजावणी मागणे हे आपले काम आहे.

आपल्या पूर्वजांनी खाडीकाठी खारजमिनी राखल्या. बांध घातला, पण त्याला उघाडीही ठेवली. बांध नसता तर खारे पाणी शेतात शिरले असते. उघाडी नसती तर पावसाच्या पाण्याने भात कुजले असते. राज्यकर्त्यांनी बांध अवश्य घालावा; उघाडी आहे की नाही, हे आपण पाहावे. आणि घरातील मुलाच्या हाती रात्री काय आहे, हेही आपणच पाहावे. ते काम कोणतेही सरकार करणार नाही.