चार वृत्तींचा मेळ

बंगळूरची विधानसौध ही वास्तू १९५६ साली पूर्ण झाली. तिच्यासमोर चार माणसे उभी आहेत, अशी कल्पना करावी. पहिल्याची दृष्टी दगडातील कोरीव कामावर खिळते. दुसरा एवढ्या विस्ताराचा खर्च आणि उपयोग यांचा हिशेब मांडतो. तिसऱ्याला दगड घडविणाऱ्या हातांची आठवण होते. त्यांच्या श्रमांचे चीज झाले काय, हे त्याला मोलाचे वाटते. चौथा पन्नास वर्षांनंतरचे शहर डोळ्यांसमोर आणतो. यांत शहाणा कोण?

हा प्रश्नच मुळी गैरलागू आहे. स्विस मनोवैज्ञानिक कार्ल युंग याने १९२१ च्या आपल्या ग्रंथात संवेदन, विचार, भावना आणि अंतःस्फूर्ती असे मनाचे चार व्यापार सांगितले. येथे भावना म्हणजे भावविवशता नव्हे, तर मूल्य पारखण्याची शक्ती होय. चारही व्यापार प्रत्येकाच्या ठिकाणी असतात. मात्र विचार पुढे सरसावला की भावना मागे राहते. संवेदन प्रबळ झाले की अंतःस्फूर्ती मंदावते. मागे राहणे हा काही अपराध नव्हे.

समतोल म्हणजे सारखेपणाही नव्हे. तंबोऱ्याच्या चारही तारा एकाच स्वरात लावीत नाहीत. पंचमाने पंचम राहावे, खर्जाने खर्ज. एकही तार मुकी राहू नये, एवढेच पाहावयाचे.

युंगच्या विचारांवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी पुढे एक प्रश्नावली रचली. तिच्यात माणसांचे सोळा प्रकार मानलेले आहेत. आज उद्योगसंस्थांच्या प्रशिक्षणवर्गांत ती वापरली जाते. परंतु नोकरीसाठी माणसे निवडताना तिचा आधार घेऊ नये, असे तिचे प्रकाशकच बजावतात. पुष्कळ माणसे दोन टोकांच्या मध्येच कोठे तरी असतात, असे संशोधकांना आढळले आहे. माणसांवर शिक्के मारण्याचा खेळ युंगलाही मान्य नव्हता.

म्हणून शब्द जपून योजावे लागतात. एखाद्या कर्मचाऱ्याविषयी ‘हा भावनाशून्य आहे’ असे कागदावर उतरले की त्याची वाट तेथेच खुंटते. ‘निर्णय घेताना हा प्रथम विचाराकडे वळतो, मूल्यांची पारख करावयास त्याला थोडा अवधी लागतो’ असे लिहिले, तर तोच मनुष्य दिसतो, आणि त्याला तो अवधी देण्याची जबाबदारी वाचणाऱ्यावर येते.