पाव आणि शिवणयंत्र

दान हा शब्द उच्चारला की मराठी मनापुढे दोन हात उभे राहतात. एक वर असलेला, देणाऱ्याचा. दुसरा खाली पसरलेला, घेणाऱ्याचा. देणे कितीही उदार असले तरी या दोन हातांमधले अंतर सहसा मिटत नाही. घेणाऱ्याचे पोट भरते, पण त्याच घासाबरोबर त्याची मान थोडी खाली जाते. गुप्तदानाला आपल्याकडे थोर मानले गेले आहे ते यासाठीच. ज्याचे नाव ठाऊक नाही त्याच्यापुढे वाकण्याचा प्रसंग येत नाही.

ज्यू लोकांनी या अंतराचा विचार फार प्राचीन काळापासून केलेला आहे. गरिबाला जे द्यावयाचे त्याला हिब्रू भाषेत 'त्सेदाका' म्हणतात, आणि हा शब्द न्याय या अर्थाच्या धातूपासून निघालेला आहे. शेताची कापणी करताना एक कोपरा तसाच उभा ठेवावा, हातातून गळलेली कणसे परत उचलू नयेत, ती गरिबाची व परक्याची आहेत, अशी त्यांच्या धर्मग्रंथाची आज्ञा आहे. त्या कोपऱ्यातले धान्य मालकाने दिलेले नसते. ते मुळी मालकाचे नसतेच. पुढे शेते सुटली आणि हे लोक गावोगावच्या पेठांत वसले, तेव्हा शेताच्या कोपऱ्याची जागा गावच्या निधीने घेतली. त्या निधीचाही नियम ठरलेला होता. पैसा गोळा करावयाला निदान दोघांनी जावे, आणि वाटावयाला तिघांनी बसावे. कारण कोणाला किती द्यावयाचे हा निवाडा आहे, आणि निवाडा एकट्याने करू नये. जो स्वतः या निधीवर जगतो त्यानेही त्यातून थोडे दुसऱ्याला द्यावे, असाही दंडक आहे. घेणाऱ्याला देणाऱ्यांच्या पंक्तीत बसविणारा हा नियम मोठा मार्मिक आहे.

बाराव्या शतकात मायमोनिडीस या तत्त्वज्ञ वैद्याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. कुरकुरत दिलेले दान सर्वांत खालच्या पायरीवर. देणारा कोण हे घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि घेणारा कोण हे देणाऱ्याला ठाऊक नाही, असे दान वरून दुसऱ्या पायरीवर. आणि सर्वांत वरच्या पायरीवर त्याने जे ठेवले, त्याला आपण कदाचित दान म्हणणारच नाही. माणूस कोसळण्यापूर्वी त्याला हात द्यावा, कर्ज द्यावे, धंद्यात भागीदार करून घ्यावे किंवा काम मिळवून द्यावे. म्हणजे त्याच्यावर मागण्याची वेळच येणार नाही.

हा समाज महाराष्ट्राला परका नाही. कुलाबा जिल्ह्याच्या गावांतून तेलाचा घाणा चालविणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली' या नावाने ओळखले गेलेले बेने इस्रायल लोक पिढ्यान् पिढ्या घरात मराठीच बोलत आले. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत या समाजाच्या मुलांसाठी शाळा सुरू केली. १९१३ साली तेथेच बेने इस्रायल स्त्रीमंडळ उभे राहिले. त्यामागे जेरुशा झिराड ही तरुण डॉक्टर होती. वैद्यकीय सेवेसाठी १९६६ साली तिला पद्मश्री मिळाली. या डॉक्टरीणबाई पुढील शिक्षणासाठी ज्या लंडन शहरी गेल्या, त्याच शहरात आठ पायऱ्यांच्या त्या विचाराची एकोणिसाव्या शतकात मोठी कठीण परीक्षा झाली होती.

इंग्लंडमध्ये ज्यूंना पुन्हा राहता येऊ लागले ते १६५६ सालापासून. त्यांची प्रार्थनामंदिरे उभी राहिली आणि प्रत्येक मंदिर आपापल्या गरिबांची काळजी घेऊ लागले. परंतु कोणत्याच मंदिराचा सभासद नसलेला, नुकताच परदेशातून उतरलेला दरिद्री माणूस कोणाचा? एका दारावरून दुसऱ्या दारावर त्याची रवानगी होई. ही ससेहोलपट थांबावी म्हणून १८५९ साली लंडनमधील तीन मंदिरांनी मिळून 'ज्यूइश बोर्ड ऑफ गार्डियन्स' हे मंडळ स्थापन केले. एफ्राइम अॅलेक्स नावाचे एक दंतवैद्य त्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि लायोनेल लुई कोहेन या त्यांच्या तरुण सहकाऱ्याने पुढे कितीतरी वर्षे या कामाची धुरा वाहिली.

या मंडळाने मायमोनिडीसची सर्वांत वरची पायरी आपली मानली. नुसती शिलिंगे वाटून माणूस उभा राहत नाही, हे त्याच्या चालकांनी ओळखले होते. लंडनच्या पूर्व भागातील पुष्कळ ज्यू शिंपीकामावर जगत. शिवणयंत्र ज्याच्या घरी आहे तो कारागीर, आणि नाही तो हमाल, अशी तेथली स्थिती होती. म्हणून मंडळाने शिवणयंत्रे देण्यास सुरुवात केली, पण ती फुकट नव्हेत. दर आठवड्याला थोडी थोडी रक्कम भरून यंत्र घरी चालवावयाचे. छोट्या व्यापाऱ्यांना बिनव्याजी कर्जे मिळत. मुलांना चांगल्या कारागिरांच्या हाताखाली उमेदवारीला लावण्यात येई. हे सर्व चालविणारे बहुतेक लोक आपला धंदा सांभाळून विनावेतन काम करणारे होते. घरोघरी भेटी देणे हे तर स्वयंसेवकांचेच काम. व्हाइटचॅपेलच्या अंधाऱ्या जिन्यांवरून वर जावयाचे, बाळंतिणीची विचारपूस करावयाची, चूल पेटली आहे की नाही हे पाहावयाचे, आणि ते सर्व समितीपुढे येऊन सांगावयाचे. चांगल्या भेटकऱ्याला कागदावर न येणाऱ्या गोष्टी दिसत. वाईट भेटकरी मात्र त्याच जिन्यावरून संशय घेऊन चढे.

येथेच या कथेची दुसरी बाजू सुरू होते. चौकशी केल्यावाचून मदत करू नये, हे तत्त्व चांगले. पण चौकशी करणाऱ्याच्या मनात हळूहळू न्यायाधीश शिरतो. मंडळाचा एक नियम होता. इंग्लंडमध्ये सहा महिने काढल्यावाचून कोणाही नवागताला नेहमीची मदत मिळावयाची नाही. आळशी माणसे मदतीच्या आशेने येऊ नयेत, हा त्यामागील हेतू. पण ज्याच्या खिशात एकही नाणे नाही त्याने ते सहा महिने कोठे आणि कशावर काढावयाचे, याचे उत्तर नियमात नव्हते.

१८८१ साली रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाला आणि त्या साम्राज्यातील ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ल्यांची लाट उसळली. पुढल्या वर्षी ज्यूंवर नवी जाचक बंधने लादली गेली. घरेदारे सोडून माणसे पश्चिमेकडे निघाली. हा ओघ पहिल्या महायुद्धापर्यंत चालू राहिला. बहुतेकांचे डोळे अमेरिकेकडे लागलेले होते, पण पुष्कळजण लंडनच्या धक्क्यावरच उतरले. तेथे त्यांची वाट पाहत असत ते भामटे. आपल्याच भाषेत गोड बोलून सामान उचलावयाचे आणि उरलेसुरले पैसे काढून घ्यावयाचे, हा त्यांचा धंदा.

अशा लोकांसाठी पूर्व लंडनमधील एका पाववाल्याने आपले दार उघडले. त्याचे नाव सायमन कोहेन. लोक त्याला सिम्हा बेकर म्हणत. तो श्रीमंत नव्हता. त्याच्यापाशी होती ती आपली बेकरी आणि तिच्या भट्टीची ऊब. ज्याला रात्री टेकावयाला जागा नाही त्याने तेथे यावे, पाव खावा आणि अंग टाकावे. कोण कोठला, किती दिवस झाले, लायक की नालायक, अशी छाननी नाही. समिती नाही, कागद नाही. भुकेला समोर आहे आणि घरात पाव आहे, एवढाच त्याचा हिशेब होता.

१८८५ साली मंडळाची मान्यवर माणसे ती जागा पाहण्यास आली. जागा अस्वच्छ आहे, माणसांच्या राहण्यास योग्य नाही, असे त्यांचे मत पडले आणि हा आश्रय बंद करण्यात आला. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे होते असे नाही. आदल्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्राने पूर्व लंडनमधील ज्यू शिंप्यांच्या घाणेरड्या, कोंदट जागांचे वर्णन छापून खळबळ उडविली होती. परक्यांविरुद्ध लोकमत तापू लागले होते. १९०५ साली त्यांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारा कायदाही झाला. प्रस्थापित ज्यूंना भीती वाटे की, हे फाटके पाहुणे वाढले तर आपण मिळविलेली प्रतिष्ठाही जाईल. याच भीतीपोटी मंडळाने हजारो लोकांना परतीचे भाडे देऊन पूर्व युरोपात माघारी धाडले. त्यांत स्वखुशीने गेलेले होते, आणि दुसरा मार्ग न उरल्याने गेलेलेही होते. मदत करणारा भ्याला म्हणजे त्याच्या मदतीचेही कुंपण होते, ते असे.

परंतु बेकरीचे दार बंद झाले तेव्हा वस्तीतले गरीब स्थलांतरित गप्प बसले नाहीत. त्यांनी सभा भरविल्या. ज्यांना मदत घेणारे म्हणूनच ओळखले जाई, ते आता मदत कशी असावी हे सांगू लागले. त्यांचा आवाज काहींच्या कानी पडला. हर्मन लांडाऊ हा स्वतः पोलंडहून आलेला आणि लंडनमध्ये पेढीवाला म्हणून स्थिरावलेला गृहस्थ पुढे आला, आणि त्याच वर्षी 'पुअर ज्यूज टेम्पररी शेल्टर' हे आश्रयस्थान निघाले. पुढल्या वर्षी ते लेमन स्ट्रीटवर स्थिर झाले. नवागताने तेथे जास्तीत जास्त चौदा दिवस राहावे; दोन वेळचे जेवण आणि स्वच्छ अंथरूण मिळेल; तेवढ्यात त्याने काम शोधावे किंवा पुढच्या प्रवासाची तजवीज करावी. संस्थेची माणसे धक्क्यावर जाऊन बोटी गाठू लागली, आणि भामट्यांच्या आधी नवागताशी बोलू लागली. मंडळाकडून स्वच्छता आणि शिस्त आली, पाववाल्याकडून उघडे दार आले. दोघांनाही एकट्याने जे साधले नव्हते ते या घरात साधले.

भुकेच्या वेळी शिवणयंत्र उपयोगी पडत नाही, आणि पावाच्या तुकड्यावर संसार उभा राहत नाही. पाव आज हवा असतो, यंत्र उद्यासाठी हवे असते. तेथल्या ज्यू समाजाने दोन्ही ठेवली. गरिबांना सूप आणि पाव देणारे एक स्वयंपाकघर १८५४ पासूनच चालू होते. त्याने १९०२ साली ब्रून स्ट्रीटवर स्वतःची इमारत बांधली. ते स्वयंपाकघर १९९२ साली बंद झाले, पण इमारतीच्या दर्शनी भागावर त्याचे नाव कोरलेले आहे, आणि इंग्रजी सालाबरोबर ज्यू पंचांगातील ५६६२ हे वर्षही. गरिबाच्या जेवणाची जागा गल्लीबोळात लपवावी असे बांधणाऱ्यांना वाटले नाही. चांगल्या घडीव दर्शनी भिंतीला तो योग्य आहे असे वाटले.

काळ पालटला. शासनाने पेन्शन, आरोग्य, घरे यांची जबाबदारी उचलली. बोर्ड ऑफ गार्डियन्स या नावाला येणारा जुन्या दरिद्री-कायद्याचा वास नकोसा झाला, आणि १९६३ साली मंडळाने 'ज्यूइश वेल्फेअर बोर्ड' असे नाव घेतले. १९९० साली, १८१९ पासून चालत आलेली अंधसाहाय्य संस्था आणि हे मंडळ एकत्र येऊन 'ज्यूइश केअर' ही संस्था झाली. आज तिच्या कामात वृद्धांची निवासस्थाने आहेत, स्मृती हरपत चाललेल्यांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्या कुटुंबांसाठी आधार आहे, आणि नाझींच्या छळातून वाचलेल्यांना एकत्र बसण्यासाठी एक केंद्र आहे. पगारी परिचारिका व जाणकार सेवक आहेतच. पण चहा ओतणारे, गाडीतून ने-आण करणारे, जेवणाचे डबे पोचविणारे, किंवा ठरलेल्या वारी एखाद्या एकट्या वृद्धाशेजारी तासभर बसणारे स्वयंसेवक नसते तर ही सर्व यंत्रणा मुकी झाली असती. एकेकाळी धक्क्यावर उतरलेल्यांची नातवंडे-पतवंडे आता देणाऱ्यांच्या बाजूला उभी आहेत.

आजची भूक निराळी आहे. औषध वेळेवर मिळते, खोली गरम असते, पेन्शन जमा होते; आणि दिवसभरात एकाही माणसाने नावाने हाक मारलेली नसते. या भुकेवर यंत्र नाही आणि कर्जही नाही. तेथे सिम्हा बेकरचेच औषध लागू पडते: दार उघडावे आणि आपल्या भट्टीची ऊब थोडी दुसऱ्याला द्यावी. मात्र तो तास दयेचा नसावा. त्या वृद्धेला जुन्या गल्लीची एखादी आठवण सांगावयाची असते, एखादा पदार्थ कसा करावा हे शिकवावयाचे असते. ऐकणारा ते घेऊन घरी जातो, आणि आपण आज कोणाला काही दिले एवढे तिच्या पदरी उरते.

ज्या निधीवर माणूस जगतो त्यातूनही त्याने थोडे द्यावे, हा जुना नियम आठवला म्हणजे त्यामागचे शहाणपण उमगते. वरचा हात आणि खालचा हात यांतले अंतर मिटते ते दोघेही आळीपाळीने देऊ लागतात तेव्हा. आपल्या गावात, आळीत, चाळीत कोणतीही सेवा उभारताना एवढे एकच विचारून पाहावे: येथे घेण्यासाठी आलेल्याला काही देताही येते का?